गंगीला बोल्ट मारणाऱ्या साहेबांस

साहेब, गाडी तुम्ही अडवलीत.

रुळावर म्हैस बसलेली नाही, फाटक पडलेलं नाही, दरडही कोसळलेली नाही. स्टेशन वीतभर पुढं आहे. फलाटावर पांढऱ्या टोपीचा स्टेशनमास्तर हिरवं निशाण धरून उभा आहे. तरी गाडी जागची हलत नाही, कारण तिच्या पोटातनं थेट खालच्या फळीपर्यंत तुम्ही बोल्ट घालून घेतलात आणि नट आवळून घेतलात. माणूस पाना फिरवत होता तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. तेव्हा आता ते हाताखालच्यांवर ढकलू नका. तुमची ती सवय साताराभर ठाऊक आहे.

तुमच्या संग्रहालयातल्या पाटीवर लिहिलं होतं, ‘जुने परदेशी खेळणे. मांडणी करणारा कलावंत अज्ञात.’ अज्ञात म्हणे! ही अज्ञात बाई माधवनगरला राहते. नाव लक्ष्मीबाई. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. पाटी लिहिण्याआधी माधवनगरच्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर विचारलं असतंत, तर लोकांनी घरापर्यंत आणून सोडलं असतं.

त्या इंजिनाची गोष्ट अशी. लक्ष्मीबाईचा बाप महायुद्धातनं परत येताना कुठल्याशा बंदरावर थांबला आणि तिथनं एक पत्र्याचं हिरवं इंजिन घेऊन आला. किल्ली दिली की पळायचं. पण गावाकडच्या शेणामातीच्या जमिनीवर ते किती टिकणार? आतली कमान, म्हणजे किल्लीची स्प्रिंग, तुटली आणि इंजिन बसलं. पुढं लक्ष्मीबाईचं लग्न झालं, मुलगी झाली, प्रियदर्शनी. त्या पोरीला जेवू घालताना लक्ष्मीबाई इंजिन बोटानं सरकवायची. एक घास, की इंजिन थोडं पुढं. पुन्हा घास, पुन्हा पुढं. नवरा जोतीराम गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होता आणि लगीनसराईत लोकांच्या लग्नांचे फोटो आणि फिल्मा काढायचा. त्यानं हे बघितलं आणि बोलला, “लक्षे, पोरगी घास घेती तेवढ्यात मी एक एक फोटू घेतला, आन् समदे फोटू एकामागं एक पळवले, तर काय हुईल?”

“पोरगी फोटूत जेवंल,” लक्ष्मीबाई म्हणाली.

“इंजिन पळंल! कमान नसताना पळंल!”

त्यातनं ‘गंगीची गाडी’ निघाली. गिरणीच्या मागं एक रिकामी शेड होती, तिथं टेबल मांडलं. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांची जमीन केली, गोणपाटाचे डोंगर केले. उसाचं रान केरसुणीच्या काड्यांचं. माणसं गिरणीतल्या कांड्यांची, म्हणजे सूत गुंडाळायच्या त्या लाकडी नळ्यांची. त्यांना चिंध्यांची धोतरं आणि लुगडी. रूळ जोतीरामनं पितळी पट्ट्या घासून केले. आणि इंजिनाचं नाव गंगी. ती उसाच्या फडात अडकायची, बैलांशी भांडायची, आमदाराला घ्यायला थांबायची नाही. कॅमेऱ्यामागं जोतीराम, टेबलापाशी लक्ष्मीबाई. गंगी ढकलायची ती तिनंच, नखाएवढी. तो “हां” म्हणाला की हात मागं. मग चित्र. मग पुन्हा नखाएवढी. गंगीला एक वळण घ्यायला आठवडा लागायचा. मधेच कुणी टेबलाला धक्का दिला तर लक्ष्मीबाई अशी काही शिवी हासडायची, की गिरणीतले माग बंद पडावेत.

हे टीव्हीवर लागायचं, साहेब. ज्या घरात टीव्ही त्या घरात अख्खी आळी. आणि मग एका भागाच्या शेवटी गंगी बोगद्यात शिरली. पुढच्या भागात ती बाहेर पडून स्टेशनात येणार होती. बाहेर पडायचं चित्र घ्यायला सुरुवात व्हायची होती, तेवढ्यात गिरणीला कुलूप लागलं. शेडही गिरणीची. टेबल आत, रूळ आत, गंगी बोगद्यात. जोतीरामनं दारोदार हेलपाटे घातले. शेवटी त्यानंच डोळे मिटले, कुलूप तसंच राहिलं.

तेव्हापासून लक्ष्मीबाईला एकच प्रश्न. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. परवा सांगलीत गुडघा दाखवायला गेली, तर डॉक्टरनं गुडघ्यावर हात ठेवून, डोक्याला पूर्ण टक्कल पडलेल्या त्या माणसानं, हळूच विचारलं, “आजी, ती गाडी बोगद्यातनं बाहेर आली का हो?”

“तू गुडघ्याचं बघ,” लक्ष्मीबाई म्हणाली.

प्रियदर्शनी आता साताऱ्याला शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर ती वर्गाची सहल घेऊन तुमच्या नव्या संग्रहालयात आली. तिथनंच तिनं आईला फोन लावला. “आई, गंगी इथं आहे. गिरणीच्या लिलावातनं टेबलासकट आणलीय. आणि अगं, ती अजून बोगद्यातच आहे.”

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई साताऱ्यात. लेकीकडं चपला काढल्या न काढल्या, तशीच तुमच्या केबिनमध्ये. आठवतं का? तुम्ही फोनवर बोलत होतात आणि हातानं ‘बसा’ म्हणालात. ती बसली नाही.

“ते इंजिन माझ्या बाचं हाय,” ती म्हणाली. “रूळ माझ्या मालकाचं. डोंगर, माणसं, झाडं माझ्या हातची.”

“पावती आहे का?” तुम्ही विचारलंत.

“बा लढाईवरनं आला हुता. किराणा आणाया गेला नव्हता.”

“मग आजी, कशावरून तुमचं?”

“बरं, माझं न्हाई. तुमचंच. ठिवा तुमच्यापाशी. फकस्त काच उघडा. मी गाडी बोगद्यातनं काढून स्टेशनात घालती, फोटू घेती आन् जाती. पोरं वाट बघून म्हातारी झाली, साहेब.”

तेव्हा तुम्ही खुर्चीत मागं रेललात. “हे स्थिर प्रदर्शन आहे. वस्तू आली तशीच राहणार. काचेला हात लावायचा नाही. समजलं?”

लक्ष्मीबाईला समजलं. काचेला हात लावायचा नाही. टेबलाच्या खालून काय करायचं नाही, ते तुम्ही काही बोलला नव्हतात.

जाताना ती दालनात थांबली. टेबलावर मोठी काचेची पेटी, टेबलाभोवती जमिनीपर्यंत लाल कापडाची झालर, पुढं लाकडी कठडा. तिनं बोटानं झालर उचलली. आत टेबलाचे पाय, कोळ्याची जाळी, आणि वर तीच खोक्यांची पातळ फळी. फळीला खालून ‘चहा’ असा अर्धा पुसलेला छापसुद्धा होता. तिनं त्या छापाला टिचकी मारली आणि स्वतःशीच हसली. तिचं ते हसू माधवनगरच्या लोकांना माहीत आहे. ते दिसलं की लोक आपापल्या कोंबड्या झाकतात.

लेकीच्या माळ्यावर एक मेलेला टेपरेकॉर्डर होता. लक्ष्मीबाईनं तो फोडला आणि त्याच्या स्पीकरचं चुंबक काढलं. काळं, जड, भाकरीच्या गोळ्याएवढं. प्रियदर्शनी कपाळाला हात लावून बघत राहिली. “आई, पकडली गेलीस तर मला शाळेत तोंड दाखवता येणार नाही.”

“तोंड दाखवू नगंस. शिकवायला जीभ लागती,” आई म्हणाली आणि चुंबक भडंगाच्या पिशवीत टाकलं.

मग सुरू झालं, साहेब, तुमच्या नाकाखाली. लक्ष्मीबाई रोज तिकीट काढून यायची. ‘गुडघं दुखत्यात’ म्हणून कठड्याच्या आत, टेबलाला टेकून खाली बसायची. दादासो, तुमचा पहारेकरी, भला माणूस. रहिमतपूरचा, फौजेतनं निवृत्त झालेला. तो म्हणायचा, “बसा मावशी, आपलंच हाय.” ती त्याला ओंजळभर भडंग द्यायची. भडंग खाल्लं की तिखटानं त्याला चहा आठवायचा, आणि तो चहाला गेला की लक्ष्मीबाईचा हात झालरीखाली. चुंबक फळीला लावून नखाएवढं सरकवायचं. रूळ पितळेचे, त्यांना चुंबकाचं काही नाही. इंजिन पत्र्याचं, ते मुकाट पुढं. मग कठड्याला धरून उठायचं. कठड्यावर तिनं एक टिकली चिकटवली होती. फोनचा कोपरा टिकलीवर ठेवला की चित्र दर वेळी तिथनंच. एक चित्र, पुन्हा खाली. गुडघे बोंबलायचे. ती त्यांना दटावायची.

गंगीचं नाक बोगद्यातनं बाहेर आलं त्या दिवशी लक्ष्मीबाई टेबलापाशी तोंडात पदर कोंबून रडली. दादासोला वाटलं भडंग लागलं. त्यानं पाणी आणून दिलं.

चार-सहा दिवस गेले आणि दादासो तिच्याजवळ उकिडवा बसला.

“मावशी, एक इचारू? हसायचं न्हाई.”

“इचार की.”

“ही गाडी कालच्यापरास फुडं आल्यागत वाटत न्हाई का?”

“तुला चष्मा लागला आसंल.”

“आवं, निशाणबाजीत पलटणीत पयला हुतो मी. चष्मा कशाचा लागतोय?” त्यानं खिशातनं खडू काढला आणि इंजिनाच्या नाकासमोर काचेवर रेघ मारली. “आता बघू बेटीला.”

दुसऱ्या दिवशी बेटी रेघेच्या पुढं होती. दादासोनं काचेसमोर टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. लक्ष्मीबाईनं झालरीतनं हात काढला आणि तोंडावर दाबला.

तो तुमच्याकडं आला होता, साहेब. “साब, रिपोर्ट हाय. इंजिन मूव्हमेंट करतंय.” तुम्ही म्हणालात, “दादासो, दुपारी जरा कमी जेव.” तरी तुमच्याही मनात पाल चुकचुकली, आणि तुम्ही कॅमेरा लावलात. कुठं? छतावर, काचेवर रोखून! टेबलाखाली काय चाललंय ते काय तुमच्या कॅमेऱ्याला दिसणार? त्यात दिसली ती एक म्हातारी, टेबलाला टेकून जपमाळ ओढल्यासारखी बसलेली, आणि आपल्या आपण सरकणारं इंजिन. ते चित्रीकरण तुम्ही तुमच्या बायकोला दाखवलंत, तिनं भिशीतल्या बायकांना, आणि भिशीतल्या बायकांनी साताऱ्याला.

मग आली खंडेनवमी.

आपल्याकडं त्या दिवशी नांगर असो, वस्तरा असो, लेथ मशीन असो, ज्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लागतं. दादासोनं सकाळी आपली शिट्टी, दंडुका, बॅटरी आणि चाव्यांचा जुडगा पुजला. जुडगा पुजता पुजता त्याला पेटीची चावी दिसली. त्यानं पेटी उघडली.

लक्ष्मीबाई दुपारी आली आणि तिथंच खिळली. गंगीच्या तोंडावर हळदकुंकवाचा बोटभर लेप. धुराड्यात झेंडूचा हार. रुळावर तांदूळ. स्टेशनमास्तरच्या पायाशी खोबऱ्याची वाटी, त्याच्याहून मोठी.

“हे काय केलंस, मुडद्या?”

“का? खंडेनवमी हाय की,” दादासो म्हणाला.

आता तिची पंचाईत बघा. कालच्या चित्रात गंगीचं तोंड स्वच्छ, आजच्या चित्रात तोंडभर कुंकू. रुळावर धावता धावता गाडीला कुंकू लागलं कुठनं? अशी चूक जोतीरामच्या टेबलावर झाली असती, तर जोतीरामनं कॅमेरा फेकून मारला असता. आणि बोलावं तर आपलंच बिंग फुटतंय.

“पूस ते,” ती म्हणाली.

“लावल्यालं कुंकू पुसत्यात व्हय, मावशी? आन् जागृत हाय ती. सोताच्या पायानं चालती.”

“पाय कुठं हायती तिला? चाकं हायती!”

“मग चाकानं चालती. म्हंजे अजून मोठी म्हणायची.”

“आरं, धुराड्यात हार घातल्यावर ती धूर कुठनं सोडंल? गुदमरंल की!”

हे मात्र दादासोला पटलं. त्यानं हार काढला, तांदूळ वेचले, खोबरं दोघांनी खाल्लं. कुंकू राहिलं.

संध्याकाळी प्रियदर्शनीनं सगळी चित्रं फोनवर एकामागं एक पळवली. गंगी बोगद्यातनं निघते, उसाच्या रानाला वळसा घालते, आणि वळणावर फट् दिशी तोंडभर कुंकू! प्रियदर्शनी हसून हसून गादीवर लोळली. “राहू दे आई, राहू दे! आपल्या मुलखात गाडी चार दिवस नीट चालली की कुणीतरी तिला कुंकू लावतंच. पोरांना बरोबर कळेल.”

लक्ष्मीबाई हसली नाही. “माझ्या बानं छप्पन साली देव्हारा उतरवला. देवाचं टाक नदीत सोडलं. भावकी रडली, चुलता बोलायचा बंद झाला, तरी बा मागं फिरला न्हाई. आन् त्याच्याच इंजिनाचा मी ह्या वयात देव केला. त्यो बी पत्र्याचा.”

देव तर झालाच होता, आणि साहेब, त्याचे पहिले पुजारी तुम्ही झालात. ‘स्थिर प्रदर्शन’ची पाटी गेली आणि ‘चमत्कारी इंजिन’ची आली. सतरंजी आली, समई आली. नळदुरुस्तीला कधी निधी नव्हता, पण घंटेला निघाला. विट्याचा एक गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, कोइमतुराहून दिवाळीला गावी आला होता. तो म्हणाला, इंजिनाला चांदीचा मुकुट घडवून देतो. तुम्ही त्याला धुराड्याचं माप दिलंत! वर्तमानपत्रात तुमचा हात जोडलेला फोटो आला. आणि ज्या बाईला तुम्ही पावती मागितली होती, तिला ‘पहिली भक्त’ म्हणून टेबलाला लागून पाट दिलात. लक्ष्मीबाईनं पाट घेतला. तिथनं चुंबक लावायला फारच सोपं जात होतं.

मग तुम्ही हिशेब घातलात, की इंजिन या चालीनं दिवाळीतल्या पाडव्याच्या सुमाराला स्टेशनात पोचणार. मांडव ठरला, हलगीवाले ठरले, पाहुणे ठरले. इंजिन स्टेशनाला लागताना तुम्ही आरती करणार होतात.

प्रियदर्शनी म्हणाली, “आई, आता फक्त गप्प बस. त्या दिवशी शेवटची चित्रं घे. गंगी पोचेल. बाबांचं काम पुरं होईल. देवानं आणली म्हणोत नाहीतर सैतानानं, पोचली म्हणजे झालं ना?”

लक्ष्मीबाईनंही तेच ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी कोरेगावकडची साळूबाई नावाची बाई नातवाला खांद्यावर टाकून आली. पोर तापानं फणफणलेलं. तिनं पोराचं कपाळ काचेला टेकवलं. “गंगीमाय, ताप उतरू दे. तुला चांदीची शिट्टी वाहीन.”

“डाक्टरला दावलं का?” लक्ष्मीबाईनं विचारलं.

“आता कशाला डाक्टर? हितं आणलं न्हवं.”

लक्ष्मीबाई तिच्यावर अशी ओरडली की समई विझली. दादासोची मोटारसायकल काढायला लावून तिनं आजी-नातवाला दवाखान्यात धाडलं. मग पाटावर बसली. गंगी समोर होती, तोंडभर कुंकू, स्टेशन वीतभर लांब. चुंबक पिशवीत होतं. त्या दिवशी तिनं गाडी हलवली नाही.

पाडव्याला दालन माणसांनी खच्चून भरलं. बाहेर हलगी कडाडत होती. तुम्ही फेटा बांधून तबक घेऊन पुढं झालात. फोनवाले सरसावले. लक्ष्मीबाई आपल्या पाटावर, हात झालरीत.

तुम्ही आरतीचं तबक ओवाळलंत आणि गंगी हलली.

मागं.

आधी कुणाला कळलं नाही. मग ती आणखी मागं गेली, उसाच्या रानापर्यंत. तुमचं तबक हवेत थांबलं. लक्ष्मीबाईनं गाडी पुढं नेली नाही, का ते ऐका. पुढच्या वीतभर रुळाची चित्रं घ्यायची बाकी होती, ती तमाशात वाया घालवायची नव्हती. मागचा रूळ चालून झालेला होता, त्यावर वाटेल तेवढं नाचता येत होतं. तिनं गंगीला मागं नेलं, पुढं आणलं, पुन्हा मागं. एक बाई किंचाळली, “माय कोपली!” आणि लोक धडाधडा पालथे पडले. साहेब, तुम्हीही पडलात. फेटा समईला लागला होता, दादासोनं विझवला म्हणून बरं.

मग लक्ष्मीबाईनं झालर टराटरा फाडली.

“उठा समदी!” ती गरजली. “माय न्हाई न् कोपली न्हाई. हे बघा.” तिनं चुंबक वर धरलं, पुन्हा फळीखाली लावलं आणि हात डावीकडं नेला. गंगी डावीकडं. उजवीकडं. गंगी उजवीकडं. “टेपरेकॉर्डरच्या स्पीकरचं हाय. माझं नाव लक्ष्मीबाई. ही गाडी मी टीव्हीवर बी ढकलत हुती, आन् हितं बी मीच ढकलती. कुणाचा ताप उतरवायची ताकद तिच्यात न्हाई. कमान बी तुटल्याली हाय तिची.”

दादासो पुढं आला. “मावशी, म्हंजी मी रोज तुमच्या हाताला सॅल्यूट मारत हुतो?”

“व्हय. लय कडक मारायचास.”

आधी दादासोच हसला, आणि मग हसू असं पसरलं की हलगीवाले बघायला आत आले. मागनं एक चाळिशी उलटलेला गडी खुर्चीवर चढला आणि ओरडला, “आरं, ही टीव्हीवरची गंगी हाय! आजी, बोगद्यातनं बाहेर आली व्हय ती?”

“डोळं फुटलं का तुझं? ही काय!”

साहेब, त्यानंतर जो आवाज झाला तो तुमच्या आरतीला झाला नव्हता. पन्नाशीच्या बायका ओरडत होत्या, “घाला, स्टेशनात घाला!” पोरं बापांना विचारत होती, बाप डोळे पुसत पोरांना खांद्यावर घेत होते. लक्ष्मीबाईनं गंगी बरोबर आदल्या चित्राच्या जागेवर आणली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि फोन टिकलीवर ठेवला. दादासो गर्जला, “सायलेन्स! कुनी धक्का द्यायचा न्हाई!”

आणि तुम्ही मधे आलात. जळका फेटा, हातात विझलेलं तबक. “बंद करा हे! अंधश्रद्धा पसरवल्याबद्दल या बाईला बाहेर काढा!”

बाईला! घंटा तुमची, समई तुमची, मुकुटाचं माप दिलं तुम्ही, आणि अंधश्रद्धा पसरवली बाईनं?

दादासोनं तिला बाहेर काढलं नाही. म्हणून तुम्ही दादासोला काढलंत, वाहनतळावर उन्हात, आणि दालनाला कुलूप घातलंत. दुसऱ्या दिवशी बोल्ट आला. पाटी पुन्हा ‘स्थिर प्रदर्शन’. अज्ञात कलावंतही पुन्हा पाटीवर.

पण लक्ष्मीबाई माधवनगरला गेली नाही. ती रोज येते. वाहनतळावर दादासो तिला सॅल्यूट मारतो, आता जाणूनबुजून, आणि विचारतो, “मावशी, आज काय प्लॅन?” साळूबाईच्या नातवाचा ताप गोळ्यांनी उतरला, तोही एकदा आला होता, काचेला नाक लावून स्टेशनमास्तरकडं बघत बसला. लोक येतात, वीतभर रिकामा रूळ बघतात आणि तुमच्या केबिनच्या दाराकडं बघतात.

आज सकाळी ती त्या दारातनं आत आली. तुम्ही फोनवर होतात. हातानं ‘बसा’ म्हणालात. ती बसली नाही. तिनं टेबलावर पाना ठेवला, दादासोच्या मोटारसायकलीचा. तुम्ही फोन ठेवलात आणि चहा सांगू का म्हणालात.

“चा नगं,” लक्ष्मीबाई म्हणाली. “एक इचारायला आली. देव ढकलतोय वाटलं तवा तुमी मांडव घातलासा. बाईनं ढकलली कळलं तवा बोल्ट मारलासा. गाडी तीच, रूळ त्योच, माणसं बी तीच वाट बघत्यात. मग माझ्या हातानं ती स्टेशनात गेली तर तुमचं काय बुडतंय? खिडकीभायेर बघू नगा, साहेब. माझ्याकडं बघा आन् सांगा. बोल्ट तुमी काढताय, का मी काढू?”